मागे उभ्या : कुटुंबातील महिला

ती ओळ मी लिहिली होती. हे आधीच सांगतो. पुढे जे सांगणार आहे त्यात माझा राग अनेकांवर आहे, आणि तो जिथून सुरू व्हायला हवा ती जागा मला चुकवायची नाही.

लातुरातल्या एका संस्थेने मराठवाड्याच्या घराघरांतून जुनी छायाचित्रे जमवून त्यांचा संग्रह उभा केला आहे. मी तिथे दोन वर्षे स्कॅनिंगचे काम करत होतो. काम माझ्या स्वभावाला मानवणारे होते. पडदे ओढलेली खोली, यंत्राची मंद घरघर, आणि काचेखाली एकामागून एक येणारे चेहरे. गेलेली माणसे आपल्याकडे रोखून पाहतात, पण उत्तर मागत नाहीत. ज्याला चारचौघांत बोलताना आपलाच आवाज परका वाटतो, त्याला याहून सुखाची नोकरी कुठली मिळणार? छायाचित्र काचेवर ठेवायचे, नोंद भरायची. वर्ष, गाव, स्टुडिओ, व्यक्ती. 'व्यक्ती' हा रकाना दाता सांगेल त्याप्रमाणे भरायचा, असा संस्थेचा नियम होता.

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्याच घरातली पत्र्याची पेटी संग्रहात आली. ती आणली दयानंदकाकांनी. काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, निवृत्त मुख्याध्यापक, संस्थेच्या कार्यकारिणीचे सदस्य. पेटीत तीन कुटुंबचित्रे होती आणि मलमलीत गुंडाळलेल्या काही काचेच्या निगेटिव्ह. काका माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि वर्गात शुद्धलेखन घालावे तसे सांगू लागले. सन एकोणीसशे पंचावन्न. नांदेड. मध्यभागी बसलेले, रौप्यचषकासह, धावपटू रेणुकादास. त्यांच्या डावीउजवीकडे वडील आणि चुलते. काका क्षणभर थांबले. मग म्हणाले, "मागे उभ्या, कुटुंबातील महिला."

मागे तीन स्त्रिया उभ्या होत्या. माझी पणजी, तिची विधवा नणंद, आणि एकोणीस वर्षांची एक उंच, सडपातळ मुलगी. सगळे कॅमेऱ्याकडे पाहत होते. ती एकटी खाली पाहत होती, धाकट्या भावाच्या मांडीवरच्या कपाकडे.

ती मुलगी कोण, हे मला ठाऊक होते. तिचे नाव चंद्रप्रभा. माझ्या आजोबांची थोरली बहीण, आमची आत्याआजी. ती नांदेडला वजिराबादेत राहते, एकोणनव्वद वर्षांची आहे, आणि दर दिवाळीला मी तिच्या पाया पडतो. जिवंत माणसाचे नाव माझ्या ओठांवर होते आणि बोटांनी 'कुटुंबातील महिला' असे टंकले. चार-पाच सेकंद लागले असतील. काकांनी मान डोलावली. मी पुढचे छायाचित्र घेतले.

रेणुकादास आजोबा आठ वर्षांपूर्वी गेले. लातूरच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले. अख्खे गाव त्यांना 'धावपटू सर' म्हणे. पंचावन्न साली हैदराबादच्या मैदानावर अनवाणी धावून दोनशे मीटरची शर्यत जिंकली, ही त्यांची गोष्ट औश्यापासून जळकोटपर्यंत त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ होती. मला ती त्यांच्या मांडीवर बसून मिळाली. कोळशाच्या चुरीचा ट्रॅक, पायाखाली तापलेली कच, आणि मग ते वाक्य, जे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा: "शेवटच्या वीस पावलांत आवाज जातो रे. अख्खं मैदान ओरडत असतं, अन् आपल्याला फक्त आपला श्वास ऐकू येतो." माझ्या बुजऱ्या बालपणात या वाक्याने मला किती वेळा सावरले, ते सांगता यायचे नाही. गर्दीत शिरताना मी ते मनाशी म्हणत असे. आवाज जाईल, फक्त श्वास उरेल.

आता संस्था क्रीडासंकुलाच्या पहिल्या मजल्यावर त्यांच्या नावाचे दालन उघडणार होती. दर्शनी भिंतीवर ते छायाचित्र सहा फूट रुंद करून लागणार होते. संस्थेच्या नियमाप्रमाणे छायाचित्रातली कोणी व्यक्ती हयात असेल तर तिची लेखी संमती लागते. म्हणून काकांनी छापलेली पत्रिका आणि संमतीचा अर्ज देऊन मला नांदेडला पाठवले. म्हातारं माणूस आहे, सही घे, पेढे दे आणि संध्याकाळच्या गाडीने परत ये, असे सांगून त्यांनी पेढ्यांचा पुडाही हातात ठेवला.

अहमदपूर, लोहा करत एसटी दुपारी नांदेडला पोचली. आत्याआजीच्या दोन खोल्या एका स्टेशनरीच्या दुकानावर आहेत. दार उघडले सिंधूने. ती दिवसभर आत्याआजीपाशी असते. आत्याआजी खिडकीशी बसून भिंगातून वर्तमानपत्र वाचत होती, हातात लाल बॉलपेन. चौतीस वर्षे तिने नांदेडच्या एका दैनिकात काढली. आधी मुद्रितशोधक म्हणून, मग वार्ताहर म्हणून. कोर्ट, पूर, बाजार समिती, खेळ, सगळे तिने लिहिले. आजही ती शिळ्या अंकातल्या चुका लाल करते. आज पेपरवाल्याचं नशीब चांगलं, दोनच पानं रंगलीत, असे सिंधू माझ्या कानाशी पुटपुटली.

मी पत्रिका पुढे ठेवली. आत छायाचित्र होते आणि त्याखाली माझी ओळ. आत्याआजीने भिंग डावीकडून उजवीकडे नेले, पुन्हा डावीकडे आणले. मग लाल पेनाने तिने 'धावपटू' या शब्दाभोवती वर्तुळ काढले आणि 'कुटुंबातील महिला' या शब्दांखाली रेघ ओढली. एकच, सरळ.

"फोटोओळ कुणी लिहिली?" तिने विचारले.

"काकांनी सांगितली."

"सांगितली कुणी ते विचारलं नाही. लिहिली कुणी?"

"मी," मी म्हणालो.

तिने मान हलवली, जणू एक माहिती पक्की झाली. त्यानंतर ती जे बोलली ते एखाद्या बातमीसारखे बोलली. कोरडे, क्रमाने, विशेषणे गाळून. पंचावन्न साली हैदराबादला मुलींची दोनशे मीटरची शर्यत झाली. नांदेडहून शाळेच्या बाई तिला रेल्वेने घेऊन गेल्या होत्या. ती अनवाणी धावली, उजव्या अंगठ्याचे नख उलटले, ती पहिली आली. कप घेऊन घरी परतली त्याच आठवड्यात देगलूरहून स्थळ आले. त्यांना कुटुंबाचा फोटो हवा होता. वडील वकील, रीतीचे पक्के. सगळ्यांना घेऊन स्टुडिओत गेले. कप फोटोत हवाच होता, घराण्याची शान म्हणून. पण तो मुलीच्या हातात दिसला तर मुलगी उघड्या पोटऱ्यांनी पुरुषांसमोर धावली, हेही दिसणार. वडिलांनी एवढेच सांगितले, की कप रेणूजवळ दे.

"अन् मी दिला," आत्याआजी म्हणाली. "कुणी हिसकावला नाही. माझ्या हातानं त्याच्या मांडीवर ठेवला अन् मागे जाऊन उभी राहिले. फोटोवाला म्हणाला, तीन म्हणेपर्यंत हलायचं नाही. सत्तर वर्षं झाली, मी हलले नाही."

स्थळ जमले नाहीच. छायाचित्र मात्र कामाला लागले. पाहणाऱ्याला जे दिसले ते खरे ठरले. रेणुकादासला कॉलेजात त्या कपावर शाबासकी मिळाली, मग नोकरी, मग एक गोष्ट. सुरुवातीला त्याने ते खोडून काढले नाही, इतकेच. पुढे तो सांगू लागला. बहिणीला त्याने एकदा, फार उशिरा, बंद खोलीत सांगितले होते की चंदे, ते तुझं आहे. ती त्याला म्हणाली होती, बाहेर जाऊन सांग. तो गेला नाही.

वर्तमानपत्रातही निराळे काही घडले नाही, असे ती म्हणाली. चौतीस वर्षे 'आमच्या वार्ताहराकडून'. तिचे नाव एकदाच छापून आले, एका चुकलेल्या आकड्याबद्दलच्या खुलाशात. बातम्या वार्ताहराच्या आणि चूक तेवढी चंद्रप्रभाची.

मी खाली मान घालून बसलो होतो. मला आजोबांवर प्रेम होते, आणि प्रेमाला पहिल्यांदा पुरावाच हवा असतो. मी हळूच विचारले, धावताना कसे वाटायचे. तिने खिडकीबाहेर पाहिले.

"शेवटच्या वीस पावलांत आवाज जातो," ती म्हणाली. "सगळे ओरडत असतात. आपल्याला फक्त आपला श्वास ऐकू येतो."

मला वाटले कोणी तरी माझ्या छातीतून एक विटकर काढून घेतली. कप नेला ते एक वेळ समजू शकलो असतो. कप धातूचा असतो. पण त्यांनी तिचा श्वाससुद्धा नेला होता, आणि तो माझ्या लहानपणाला भरवला होता.

मी म्हणालो की मी काकांशी बोलेन, खुलासा लावता येईल. तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत मायेचा लवलेश नव्हता.

"खुलासा चुकून झालेल्या गोष्टीचा छापतात, मिहिर. हे चुकून झालेलं नाही."

अर्जावर तिने सही केली नाही. अर्ज परतही दिला नाही. भिंगाखाली दाबून ठेवला. जिना उतरताना सिंधू पाठोपाठ आली. पेढ्यांचा पुडा माझ्या हातात परत देत म्हणाली, "बाई लई तापल्यात. हे घेऊन जा. अन् दादा, पुन्हा याल तर गोड नका आणू."

परतल्यावर मी दोन दिवस काचेची निगेटिव्ह यंत्रावर ठेवून तिचा एक एक इंच मोठा करून पाहिला. छापलेल्या प्रतीत आत्याआजीचा उजवा पाय, दोन खुर्च्यांच्या फटीतून दिसणारा, नितळ आणि निर्दोष आहे. काचेवर मात्र अंगठ्याभोवती पेन्सिलीच्या केसाएवढ्या रेघांची जाळी होती. स्टुडिओतले कारागीर असे करत. देवीचे वण, सुरकुत्या, जे दाखवायचे नसेल ते काचेवरच पेन्सिलीने बुजवत. जाळीच्या कडेने अंगठ्याला बांधलेल्या पट्टीचे टोक बाहेर राहिले होते. कारागिराचा हातही कुठे तरी थकला असावा. रेणुकादासच्या पायांत नवे, पॉलिश केलेले बूट होते.

हे घेऊन मी काकांकडे गेलो. काका झोपाळ्यावर बसून उद्‌घाटनाचे भाषण लिहीत होते. मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. तुकड्या-तुकड्यांनी बोललो असेन. काका संतापले नाहीत. तेच मला जास्त लागले. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले की हे त्यांना लहानपणापासून माहीत आहे.

मग त्यांनी मला समजावले. दादांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, शेकडो पोरे घडवली, ते काय खोटे होते? पोरांना एक गोष्ट लागत होती, ती मिळाली. आत्यांबद्दल आदर आहेच. त्यांचाही एक फोटो लावू, डोक्यावर पदर घेतलेला चांगला आहे एक. धावपटू भाऊ आणि पत्रकार बहीण. घराण्याला शोभेल. अंगठ्याचं म्हणशील तर ठेच कुणालाही लागते.

मी म्हणालो, आत्याआजीने सही केलेली नाही.

काका जरा विचारात पडले. मग त्यांनी मी बरोबर आणलेली माझीच नोंद मागून घेऊन वाचली आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरले. "पण ओळीत नाव कुठे आहे?" ते म्हणाले. "कुटुंबातील महिला. नावच नाही, तर संमती घ्यायची कुणाची?"

मी काही बोललो नाही. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि आत हाक मारून सांगितले, मिहिर शहाणा आहे, याला चहा द्या. आमच्या घरात माझ्या गप्प राहण्याला नेहमीच शहाणपण म्हटले गेले. तो चहा मी प्यायलो. तो चहा मी प्यायलो, हे मला अजून सहन होत नाही. एका मुलीला एका दुपारी जे करायला लावले तेच मी पंख्याखाली बसून, कोणीही धाक न घालता केले होते. तिने निदान कप दिला होता. मी तिचे नाव दिले, आणि ते माझे नव्हतेच.

शनिवारी दुपारी खोलीत कोणी नव्हते. मी नोंद उघडली आणि 'व्यक्ती' हा रकाना पुन्हा भरला. आमच्या संग्रहात जुना मजकूर पुसला जात नाही; नवा त्याच्यावर तारखेसह बसतो. मग भिंतीवरच्या ओळीची पाटी मीच छापायला टाकली. 'मागे उभ्या, डावीकडून तिसऱ्या : चंद्रप्रभा. १९५५ साली हैदराबाद येथे मुलींच्या दोनशे मीटर शर्यतीत प्रथम. पुढे पत्रकार. चषक त्यांचा आहे. वडिलांच्या सांगण्यावरून तो धाकटे बंधू रेणुकादास यांच्या हाती देण्यात आला. या छायाचित्राची आधीची ओळ मी लिहिली होती. ती चूक नव्हती, खोटेपणा होता.' खाली माझे नाव. संध्याकाळी ती मीच छायाचित्राखाली भिंतीवर चिकटवली.

रविवारी सकाळी, पाहुणे येण्याच्या तासभर आधी, काकांनी ती वाचली. ते जवळ आले, अत्तराचा वास आला. काढ, असे ते म्हणाले. मी जागचा हललो नाही. बाप गेला याचा, आणि आता हा मेलेला आजा पुन्हा मारतोय, असे ते कुणाला उद्देशून नाही, भिंतीला म्हणाले. मंडप घालणारी माणसे खुर्च्या मांडता मांडता थांबली. माझ्या आयुष्यात मला ज्याची सर्वांत जास्त भीती वाटत आली ते सगळे तिथे होते: लोक, नजरा, माझ्याकडून काही तरी ऐकण्याची वाट. मी सवयीने ते वाक्य मनाशी म्हणायला गेलो आणि थांबलो. ते वाक्यही आता विचारल्याशिवाय वापरता येणार नव्हते.

"काका," मी म्हणालो, आणि आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, "आजोबांनी पोरं घडवली, हे खरं आहे. मग त्याचीच पाटी लावा. शिक्षक रेणुकादास. ती कमी का वाटते तुम्हाला?"

पाटी काकांनी स्वतःच्या नखांनी उचकटली. एका कोपऱ्यात ती फाटली. ती माझ्या हातात देऊन म्हणाले की उद्यापासून यायची गरज नाही. दालन ठरल्या वेळेला उघडले. छायाचित्र ओळीशिवाय लागले, आणि पाहुण्यांनी भाषणात धावपटू सरांना वंदन केले. टाळ्यांचा आवाज मला जिन्यापर्यंत ऐकू आला. त्यात आत्याआजीचा वाटा सत्तर वर्षांत एकदाही काढून ठेवलेला नव्हता.

मी तसाच नांदेडची गाडी पकडली. फाटकी पाटी आत्याआजीपुढे ठेवली तेव्हा तिने ती भिंगाने दोनदा वाचली. शाबास म्हणाली नाही. मी ती अपेक्षा मनात ठेवून आलो होतो, हे तिला दिसले असावे. तिच्या ओठाची कड जराशी वाकडी झाली.

"किती सेकंद, ते नाही यात," ती म्हणाली. "शर्यतीची बातमी आहे अन् किती सेकंद ते नाही."

लाल पेनाने तिने 'प्रथम' या शब्दाच्या पुढे खूण केली आणि समासात लिहिले: सत्तावीस पूर्णांक चार. मग 'देण्यात आला' हे शब्द कापून वर लिहिले: त्यांनी दिला. "मी दिला. माझं काम दुसऱ्याच्या माथी मारू नको."

नोंद बदललेली आहे ना, तारखेसह, असे तिने खात्री करून विचारले. आहे म्हटल्यावर तिने दुसऱ्या कागदांखालून तो संमतीचा अर्ज काढला. आता तिला नाव होते, आणि नाव असलेल्या हयात माणसाच्या संमतीवाचून छायाचित्र लावता येत नव्हते. 'संमती आहे' हे छापील शब्द तिने काटले. खाली, मुद्रितशोधकाच्या बारीक, गोल अक्षरांत लिहिले: 'संमती नाही. फोटोओळ दुरुस्त होईपर्यंत नाही.' आणि पूर्ण नाव. सही करताना सिंधूने कागद दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

सोमवारी मी तो अर्ज संस्थेच्या आवक खिडकीवर दिला. कारकुनाने वाचला, माझ्याकडे पाहिले आणि शिक्का मारला. बुधवारी छायाचित्र उतरवले गेले. काका माझ्याशी बोलत नाहीत. नवी ओळ लावायला ते तयार नाहीत, आणि आत्याआजी सही फिरवायला तयार नाही. दालनाच्या दर्शनी भिंतीवर सहा फूट रुंद जागा मोकळी आहे. चार खिळे तसेच आहेत.

दर रविवारी संध्याकाळी नांदेडहून फोन येतो. आत्याआजी माझी विचारपूस करत नाही. ती एवढेच विचारते, "भिंत रिकामी आहे ना?"

मी सांगतो, आहे.

"असू दे," ती म्हणते आणि फोन ठेवते.